उंबरठ्याबाहेरची पद्धत

परवा एका परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आमच्या सरांचा फोटो दिसला आणि चहा माझ्या नाकातून बाहेर आला. फोटोत सर बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातल्या एका गावात ओट्यावर बसलेत, हातात बशी, चेहऱ्यावर नुकताच संन्यास घेतल्याचा भाव. खाली इंग्रजीत लिहिलंय की या भारतीय प्राध्यापकांनी 'उंबरठ्याबाहेरची पद्धत' विकसित केली. संशोधकानं गरिबाच्या घरात पाऊल टाकू नये, बाहेर बसावं, घराचा मान राखावा, ज्ञानाचा आणि सत्तेचा अहंकार दारातच उतरवून ठेवावा, असं काय काय. त्यावर तिथल्या मुलांनी निबंध लिहिलेत, आणि एकीला मागेच बक्षीसही मिळालंय.

कसला अहंकार आणि कसली पद्धत! म्हातारा बाहेर बसायचा, कारण आत जायचं तर बूट काढावे लागतात. आणि डावा बूट काढला असता तर साखरेनं नासलेला पाय चारचौघांना दिसला असता. हे मला ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना ठाऊक होतं. बाकी जगाला ती पद्धत वाटत होती.

मी बडोद्यातल्या प्रतापनगरची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलेलो. घरात मराठी, जिन्यात हिंदी, बाजारात गुजराती आणि शाळेत मार खाण्यापुरतं इंग्रजी, अशा चार भाषा फुकटात पदरात पडल्या. समाजकार्याची पदवी घेतली, नोकरी काही मिळेना, तेव्हा कुणीतरी सरांकडे पाठवलं. दर हिवाळ्यात त्या विद्यापीठाची दहा-बारा मुलं ग्लोबल हेल्थचा फील्ड कोर्स करायला बडोद्याला यायची आणि सर इथले त्यांचे गुरू होते. त्यांना दुभाषी हवी होती. ग्लोबल हेल्थ म्हणजे साऱ्या जगाचं आरोग्य, एवढं मला समजलं होतं. ते बघायला दरवेळी पादरा तालुकाच का लागतो, ते मात्र आजतागायत समजलेलं नाही.

मुलाखतीत सरांनी एकच प्रश्न विचारला. "कुठली?"

"प्रतापनगर."

"बरं, प्रतापनगर. उद्या सकाळी ये."

तेव्हापासून मी प्रतापनगर. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, देव जाणे. माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची, ही त्यांची खोड. काकू माहेरच्या पुण्याच्या, म्हणून घरात "पुणे, चहा!" अशी आरोळी उठायची. काकू आतून म्हणायच्या, "पुणं दमलंय. बडोद्यानं स्वतः करून घ्यावा." मग सर उठून चहा करायचे आणि त्यात साखर अशी घालायचे की चमचा उभा राहावा.

सर मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेले. विषय सामाजिक वैद्यक, म्हणजे गावागावांत हिंडून लोक आजारी का पडतात ते शोधायचं. घराणं जुन्या संस्थानी फौजेतलं. त्याबद्दल ते म्हणायचे, "पणजोबांनी तलवार चालवली, आजोबांनी लेखणी चालवली, वडिलांनी सरकारी जीप चालवली. माझ्यापर्यंत येईस्तोवर फक्त जीभ उरली." ती मात्र त्यांनी भरपूर चालवली. मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत शिरायचे, रागावले की हिंदीत, आणि परदेशी पाहुण्यांशी असल्या इंग्रजीत की पाहुणे वहीत उतरवून घ्यायचे.

पोरं विमानातून उतरली की त्यांच्या डोक्यात गाव असायचं. झोपड्या, हातपंप, कडेवर मूल घेतलेल्या बाया. सर त्यांना गावाला न्यायचेच नाहीत. पहिल्याच सकाळी प्रत्येकाच्या हातात काकूंच्या साडीच्या पदराचं एकेक चिंधुक द्यायचे आणि सांगायचे, "लहरीपुऱ्यात जा. या रंगाचा फॉल आणा. प्रतापनगर सोबत येणार नाही. मोबाइलवरचं भाषांतर वापरलंत तर नापास."

आता लहरीपुऱ्याच्या गर्दीत मॅचिंगच्या दुकानात उभं राहणं काय असतं, ते बायकांना विचारा. एकाच जांभळ्याचे वीस जांभळे. काउंटरवरचा भाऊ न बघताच रीळ फेकणार. तो म्हणणार बाजूच्या दुकानात जा, बाजूचा म्हणणार वरच्या माळ्यावर, वरचा म्हणणार बुधवारी या. सहा-साडेसहा फुटी गोरी पोरं उन्हानं लाल होऊन, हातात इवलंसं चिंधुक धरून फिरायची. संध्याकाळी दमून परतायची आणि काकू दिवा लावून रंग जुळवायच्या. "छे! हा तर वांगी. मला जांभूळ हवाय." की सगळे नापास.

मग सर मांडी ठोकून सांगायचे, "आज तुमचं जे झालं ना, तेच गावातल्या म्हातारीचं मोठ्या दवाखान्यात होतं. या खिडकीवरून त्या खिडकीवर. फरक एवढाच की तिच्या हातात चिंधी नसते, पोट दुखत असतं." मला हे दरवर्षी ऐकून पाठ झालं होतं, तरी दरवर्षी हातातलं काम टाकून ऐकायला थांबायचे. काकूंच्या कपाटात मात्र न जुळणाऱ्या फॉलांचा ढीग जमला होता. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या ग्लोबल हेल्थपायी मी दुकान टाकू शकेन."

गावात गेल्यावर दुसरा नियम. लोकांना जे विचारायचं, ते आधी स्वतःबद्दल सांगायचं. जे बघायचं, ते आधी स्वतःचं दाखवायचं. ऐकायला सोपं आहे हो. पण विद्यापीठातून आलेली प्रश्नावली हातात घेऊन बघा! "शौचास दिवसातून किती वेळा जाता?" हा प्रश्न तेवीस वर्षांच्या मुलीनं विचारायचा, तर आधी तिनं चारपाईभोवती जमलेल्या वीस बायकांना आपला हिशेब द्यायचा. तो मी गुजरातीत सांगायचा. एकीनं लाजत लाजत सांगितलं की प्रवासापासून चार दिवस झालंच नाही. झालं! प्रश्नावली राहिली बाजूला. सगळा फळिया, म्हणजे अख्खी आळी, तिच्या पोटामागे लागली. कुणी हिरडा आणला, कुणी कोमट पाण्यात तूप, एकीनं तर पोट चोळायलाच घेतलं. दुसऱ्या दिवशी गावात शिरताच बायकांनी लांबूनच हात उडवून विचारलं आणि ती पोरगी दोन्ही अंगठे वर करून नाचत गेली. गावानं टाळ्या वाजवल्या.

एकदा प्रश्न होता, "आजारी पडल्यास घरात काळजी कोण घेतं?" एका मुलानं स्वतःचं उत्तर दिलं की मी एकटा राहतो, आईशी महिन्यातून एकदा फोनवर बोलतो. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या घरची आजी मला म्हणाली, "बेन, याच्या देशात फार गरिबी दिसते." आणि त्याच्या आईसाठी छुंद्याची, म्हणजे कैरीच्या गोड लोणच्याची, बरणी बांधून दिली.

मार्क द्यायची पद्धतही तशीच. विद्यापीठाला हवं असायचं सादरीकरण, आलेख, शिफारशी. सर शिफारशींच्या वेळी उघड उघड झोपायचे. जागे झाले की विचारायचे, "कुणाला कोणत्या घरात दुसऱ्यांदा चहा मिळाला? हात वर करा." ज्याचा हात वर, तो पास. माझ्यासमोर एका हुशार मुलीला त्यांनी साफ नापास केलं होतं. तिनं तिथून कुलगुरूंकडे तक्रार केली. सरांनी कळवलं, "पहिला चहा पाहुण्याला देतात. दुसरा देताना लोक विचार करतात." कुलगुरूंना यातलं काय समजलं कोण जाणे, पण तक्रार मागे पडली.

असा हा माणूस दुनियेला आपलं दाखवा म्हणून सांगत हिंडायचा, आणि स्वतःचा पाय मात्र बायकोलाही दाखवत नव्हता.

मला कसं कळलं? नाकानं. एकदा गावाहून येताना रिक्षात त्यांच्या शेजारी बसले होते. आधी वाटलं बाहेर काहीतरी मेलंय. शहर आलं, रस्ता बदलला, वास तोच. सरांनी डाव्या बुटाचं टोक ब्लेडनं कापून त्यावर कॅनव्हासचा तुकडा शिवला होता. लोकांनी विचारलं तर सांगायचे, "फॅशन आहे. तुमच्याकडे यायला वेळ लागेल."

त्याच आठवड्यात काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, रोज बाथरूमची कडी लावून अर्धा तास बसतात. मोजे स्वतः धुतात. लग्नापासून कधी रुमाल धुतला नाही या माणसानं. मी म्हटलं दाखवा, तर अंगावर आले. मला वाटतं बोटं काळी पडलीत. तुझं ऐकतात, तू सांग ना." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. ठसक्यात बोलणारी बाई अशी रडताना बघवत नाही.

मग मी सरांना शेव-उसळीच्या गाडीवर गाठलं. बडोद्याची शेव-उसळ ही सरांची खास आवड. मराठी उसळ आणि वर गुजराती शेव, म्हणजे आमची सगळी वंशावळ एका ताटलीत, असं म्हणायचे. नंतर जिलबी ठरलेली. साखर किती आहे विचारलं तर, "डब्यात भरपूर आहे," हे उत्तर.

मी म्हटलं, "सर, पाय दाखवा कुणाला तरी."

"कुठला पाय?"

"डावा. वास येतो."

त्यांनी चमचा खाली ठेवला. पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा रिकामा दिसला. "दाखवला की कापतात, प्रतापनगर. मी शिकाऊ डॉक्टर होतो ना, तेव्हा कापलेले पाय बादलीतून न्यायचं काम माझ्याकडे होतं. पायाचं वजन किती असतं, माहीत आहे तुला? नाही ना? मग उसळ खा."

डॉक्टर माणूस, पुढचं सगळं त्याला दिसत होतं, म्हणूनच तर डोळे मिटून बसला होता. मला राग आला, इतका की उसळ तशीच सोडून मी निघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विषयच काढला नाही. मीही मग आतल्या आत धुमसत राहिले.

गावात कुणाच्याही घरी चपला बाहेर काढूनच आत जातात. म्हणून सर ओट्यावर बसायचे. "आत या ना, साहेब," म्हटलं की, "ना ना, अहीं मजा छे," म्हणजे इथंच बरंय, असं म्हणून बशी पुढे करायचे. वर्गात एका पोरीनं विचारलं, तुम्ही आत का जात नाही? खरं सांगता येईना, तेव्हा सरांनी तत्त्वज्ञान झोडलं. उंबरठा ही घराची त्वचा आहे, वगैरे. पोरगी भारावली. तिनंच तो बक्षिसाचा निबंध लिहिला. पुढच्या वर्षी आली ती सगळी बॅच तो वाचून. एकही पोरगं घरात शिरेना! बायकांनी गोधड्या अंथरल्या, पंखे लावले, आणि ही दहा जणं बाहेर धुळीत, माना लववून, आदरानं बसलेली. बायकांना वाटलं आपल्या घराची किळस येते यांना. मला दोन्हीकडच्या समजुती काढता काढता तोंडाला फेस आला. सर बशीतला चहा फुंकत सगळं बघत होते. त्या दिवशी त्यांचा गळा दाबावासा वाटला होता, खोटं कशाला बोलू?

त्याच बॅचमध्ये लुकास होता. फार थंड देशातला, म्हणून सरांच्या भाषेत 'बर्फ'. खांबासारखा उंच, कान लाल, आणि खोटं बोलायची सोयच देवानं ठेवलेली नव्हती. काकूंनी श्रीखंड कसं झालंय विचारलं, तर म्हणाला, "आंबट. आणि फार घट्ट." काकूंनी त्या दिवसापासून त्याला जावयासारखं वागवलं. लुकास सरांचा भक्त. ते ओट्यावर बसले की हाही शेजारी, तेवढ्याच अंतरावर, तशीच बशी धरून.

त्याच वर्षी विद्यापीठानं विषय ठरवून पाठवला: मधुमेह आणि पायाची निगा. मी ईमेल वाचून दाखवला, तेव्हा सरांचा रंग उडाला. त्यांनी कळवलं, आमच्या तालुक्यात मधुमेह नाही. हे पादऱ्याबद्दल! जिथं लग्नात वरणातही गूळ. विद्यापीठानं उत्तर दिलं, नसेल तर का नाही हा संशोधनाचा उत्तम विषय आहे. मग सरांनी सर्पदंश सुचवला. मी आठवण करून दिली की हिवाळ्यात साप झोपतात. "तुला कोणी विचारलं?" असं हिंदीत ओरडून ते आत गेले. त्या दिवसांत त्यांना रात्री कणकण यायची, हे काकू सांगत होत्या. डाव्या पायावर भार न देता चालायचे आणि विचारलं तर म्हणायचे कंबर धरली.

गावातल्या जीवीबाच्या अंगणात शेवटी पाय तपासायचाच कार्यक्रम ठरला. जीवीबा म्हणजे त्या फळियाची सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात हट्टी बाई. तिला साखरेचा आजार होता, टाचेला भेग पडून चिघळली होती, आणि आरोग्य केंद्राच्या नर्सला ती पायाला हात लावू देत नव्हती. सरांनीच तिला वर्षभर दटावलं होतं. गोड पायाला मुंग्या लागतील, पाय जाईल, दाखव. ती म्हणायची, जाऊ दे, आता कुठे नाचायचंय.

सगळे गोल बसले. बायका, नर्स, विद्यार्थी. सर नेहमीप्रमाणे ओट्याच्या कडेला, पाय समोरच्या खाटेखाली सारून. आता नियमाप्रमाणे आधी पाहुण्यांनी दाखवायचं. लुकासनं बूट काढले, मोजे काढले आणि अंगणात हास्याचा स्फोट झाला. पायाची बोटं केवढी लांब! अंगठ्याचं नख काळंनिळं, बोटांमध्ये खरूज झाल्यासारखं. बायकांनी तपासणी करून निदान सांगितलं, "मोजे वाळवत नाही मेला." मग एकेक विद्यार्थी, मग मी. माझ्या टाचा बघून जीवीबा म्हणाली, "कामवाळी छे," म्हणजे राबणारी आहे, आणि मला बरं वाटलं. मग बायकांनी एकेक करून पाय पुढे केले. फिरत फिरत पाळी जीवीबापाशी आली.

तिनं पाय साडीखाली ओढून घेतला. लुकासनं अदबीनं हात जोडले. ती त्याच्याकडे बघेचना. सरळ ओट्याकडे बोट करून म्हणाली, "पेला साहेब."

आधी साहेब.

सर हसले. "अरे, मी तर शिकवणारा. मी गोलात नाही."

"तमे ज कहो छो ने, पेला पोतानुं बतावो? तो बतावो." तुम्हीच म्हणता ना, आधी आपलं दाखवा? मग दाखवा.

बायका हसायला लागल्या. लुकासला वाटलं काहीतरी थोर घडतंय, तो वही उघडून बसला. सरांनी खिशातून फोन काढून उगाच बघितला आणि मला मराठीत म्हणाले, "यांना सांग, मला कॉलेजात मीटिंग आहे. रिक्षा बोलाव. फटाफट."

आता गंमत बघा. या माणसाला गुजराती माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांना दुभाषी लागलीच कशाला? तोंडानं म्हणवत नव्हतं, म्हणून माझ्या तोंडून म्हणवून घ्यायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर काकू उभ्या राहिल्या, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून पदर तोंडाला लावलेल्या. मी बायकांकडे वळले आणि खणखणीत गुजरातीत सांगितलं, "साहेबना पगमां घा छे. बतावतां बीवे छे." साहेबांच्या पायाला जखम आहे, दाखवायला घाबरतात. आणि लुकाससाठी तेच इंग्रजीत सांगितलं. नोकरी गेली तर गेली खड्ड्यात.

सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं. उठायला गेले, डाव्या पायावर भार पडला आणि मटकन खाली बसले.

जीवीबा सरकत सरकत ओट्यापाशी आली. म्हातारीनं सरांचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडायला लागली. सर म्हणत होते, "रेवा दो, बा, रेवा दो." राहू द्या. ती थांबली नाही. बूट निघाला, पण मोजा जखमेला चिकटला होता. नर्सनं पाणी ओतून तो सोडवला. अंगठा आणि शेजारचं बोट कोळशासारखं काळं पडलेलं, वर पाऊल सुजून चकाकत होतं. वासानं पुढच्या बायका मागे सरल्या. लुकास उभा राहिला, म्हणाला, "ही पद्धत नव्हती," आणि आडवा झाला. एवढा मोठा खांब पडला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

जीवीबा सरांवर जी बरसली! "मूआ, मला वरीसभर शिकवतोस आणि स्वतः हे घेऊन फिरतोस? बायकोचा विचार आला का मनात?" मधल्या शिव्या मी भाषांतरित केल्या नाहीत, कुणी मागितल्याही नाहीत. सर मान खाली घालून ऐकत होते. मग तिनं स्वतःचा पाय नर्सपुढे केला, "ले, आ बी जोई ले," घे, हाही बघून घे, म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

गावातल्या जीपमध्ये पुढे सर, मागे जीवीबा आणि तोंडावर पाणी मारलेला लुकास, अशी आमची ग्लोबल हेल्थची मिरवणूक बडोद्याला निघाली. मी काकूंना फोन केला. त्या फक्त "आले" म्हणाल्या.

तपासणाऱ्या सर्जननं विचारलं, कधीपासून? सर म्हणाले, "चार-पाच दिवस." वर्गात त्यांनी शिकवलेलं मला पाठ होतं की पेशंट चार दिवस म्हणाला तर चार महिने धरा. काकू मागून म्हणाल्या, "दिवाळीपासून. आधीच्या दिवाळीपासून." सर्जन बराच वेळ पाय चाचपत राहिला. मग बाहेर येऊन काकूंना म्हणाला, बोटं जाणारच आहेत. विष वर किती चढलंय ते उघडल्यावर दिसेल. गरज पडली तर गुडघ्याखालून कापावं लागेल, सही करा. काकूंनी सही केली. पेन परत देताना त्यांच्या हातून ते खाली पडलं. ते मी उचललं.

आत नेताना सरांनी माझा हात धरला. तो हात भट्टीसारखा तापला होता. वॉर्डबॉयनं सोडवला.

आम्ही तिघं बाकावर बसलो. काकू, मी आणि लुकास. जीवीबाची पट्टी करून तिला मुलगा घरी घेऊन गेला होता. मी देवाधर्माची नाही, पण त्या बाकावर मी सगळ्या देवांना धमक्या दिल्या. माझा बाप वर्कशॉपमधून तेलकट हातांनी घरी यायचा आणि गप्प जेवून झोपायचा. मला बोलायला, भांडायला, लोकांच्या डोळ्यात बघायला शिकवलं ते या खवचट म्हाताऱ्यानं. त्याचा पाय मी चव्हाट्यावर मांडला होता, आणि आता तो बादलीतून बाहेर आला असता तर मी काय करणार होते?

अखेर त्यांना वॉर्डात आणलं. पाठीत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे कमरेखाली त्यांना काहीच कळत नव्हतं. पायांवर चादर होती. डोळे घट्ट मिटलेले.

"गेला ना?" त्यांनी विचारलं. "मला लागतच नाहीय. गेलाय. किती गेला?"

काकू म्हणाल्या, "अहो, पाय आहे. दोन बोटंच गेली."

"तू बायको आहेस. तू असंच म्हणणार."

"सर, खरंच आहे," मी म्हटलं.

"तू दुभाषी. दोन्हीकडच्यांना बरं वाटेल असं बोलायचं, हा तुझा धंदा. एकदाच खरं बोललीस, तेही माझा घात करायला." डोळे मिटलेलेच होते. "बर्फाला बोलाव."

लुकास कोपऱ्यात भिंतीला धरून उभा होता. रक्त बघायचं नाही म्हणून छताकडे बघत होता. मी त्याला सांगितलं, चादर उचल आणि काय दिसतं ते त्यांना सांग. तो पांढराफटक पडला. पण पलंगाशी आला, एका हातानं कठडा पकडला आणि दुसऱ्या हातानं चादर बाजूला केली. पावलाला मोठी पट्टी होती. तिच्या टोकातून उरलेली बोटं बाहेर आली होती, औषधानं पिवळी झालेली.

त्यानं खाली वाकून एकेका बोटावर आपलं बोट ठेवलं. त्याला गुजराती फक्त बाजारापुरतं यायचं, ते सगळं त्यानं वापरलं.

"एक," तो म्हणाला. "बे." आणि जरा थांबून, "त्रण."

सरांनी डोळे उघडले नाहीत. तसेच, मिटल्या डोळ्यांनी, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे रडायला लागले. काकूंनी त्यांचं डोकं छातीशी धरलं. शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, मावशी, सगळे आहेत.